सिलोन चहा घ्यायचाय तर काय बघून घ्यायचा आणि घरी आणल्यावर करायचा कसा

कोणी विचारलं की सिलोन चहा घ्यायचाय, कुठला घेऊ, तर मी आधी उलटा प्रश्न विचारतो, दूध घालणार का? कारण "सिलोन टी" ही काही एक चव नाहीये. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका, तिथे गाल आणि मातारा या दक्षिणेकडच्या पट्ट्यात समुद्रापासून थोडं आत गेलं की चहाचे मळे सुरू होतात, तिथली पत्ती काळीभोर आणि चहा एकदम दाट. आणि त्याच बेटाच्या मधोमध नुवारा एलिया आहे, साधारण १८५० मीटरवर, तिथला चहा कपात ओतला तर पिवळसर सोनेरी दिसतो आणि सवय नसलेला माणूस म्हणतो की हा नीट उतरलाच नाहीये. दोन्ही पाकिटांवर सिलोन. त्यामुळे पहिलं पाकीट घेऊन दुसऱ्या चवीची वाट बघत बसलात तर चहाचा काही दोष नाही.

खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने लिहितोय ज्या क्रमाने निवडताना डोकं चालवावं असं मला वाटतं, म्हणजे उंची, मग महिना, मग भाग, मग पाकिटावरची ती बीओपी-बिओपी अक्षरं. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, अक्षरांपासून सुरू करतात. पण आधी थोडा इतिहास, कारण कुठला मळा कुठे आणि का आहे हे त्याशिवाय कळत नाही.

हे सगळं मुळात कॉफीमुळे झालं

१८६० च्या दशकापर्यंत सिलोन म्हणजे कॉफी. इंग्रजांनी डोंगरातल्या कँडी शहराच्या आसपासचं जंगल तोडून डोंगरच्या डोंगर कॉफीखाली आणले होते. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेऱ्याची बुरशी दिसली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत धंदा बसला, मळेवाले कर्जात बुडाले, कित्येक जण बेट सोडून गेले. चहाचं रोप तोपर्यंत बेटावर नव्हतं असं नाही, १८२४ मध्येच चीनमधलं एक रोप पेरादेनियाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये लावलेलं होतं आणि १८३९ मध्ये आसामची रोपंही आली, पण ते सगळं बागेतल्या हौसेपुरतं. कॉफीत पैसा असताना चहाकडे बघणार कोण.

बघितलं ते जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने. १८५२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तो इथे आला, कँडीजवळच्या लूलकंडेरा मळ्यावर कामाला लागला आणि १८६७ मध्ये म्हणजे कॉफीवर रोग दिसायच्या दोन वर्षं आधीच त्याने १९ एकरांवर चहा लावला. सुरुवातीला पत्ती मळायचं काम बंगल्याच्या व्हरांड्यात, टेबलावर, हाताने चालायचं आणि वाळवायची कोळशाच्या मातीच्या चुलीवर. १८७२ मध्ये त्याचा छोटा कारखाना उभा राहिला आणि १८७३ मध्ये लंडनला पहिला माल गेला, किती, तर २३ पौंड, म्हणजे जेमतेम साडेदहा किलो. टेलर १८९२ मध्ये लूलकंडेरालाच वारला, ५७ वर्षांचा होता, आणि त्याच्या शेवटच्या दिवसांत मळ्याच्या मालकांनी त्याला नोकरीवरून काढलं होतं.

नाव आणि पैसा मिळाला तो लिप्टनला. थॉमस लिप्टन किराणा दुकानांच्या साखळीचा मालक, तो १८९० मध्ये सिलोनला आला, मळे विकत घेतले, हपुतळेजवळ दंबतेन्नेला कारखाना काढला आणि मधले दलाल वगळून थेट मळ्यातून स्वस्त चहा लंडनमध्ये विकायला लागला. कोलंबोत लिलाव मात्र त्याच्याही आधी, १८८३ पासून सुरू झाले होते. ते आजही चालू आहेत, फक्त २०२० मध्ये कोविडच्या वेळी ऑनलाइन गेले.

आणि हे सगळं खुडलं कोणी, तर तामिळनाडूतून आणलेल्या मजुरांनी. आधी कॉफीसाठी आणले, मग चहासाठी. लाइन रूम म्हणतात त्या चाळीवजा खोल्यांत ती माणसं पिढ्यानपिढ्या राहिली, आणि १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्याझाल्या जो नागरिकत्वाचा कायदा झाला त्याने त्यातल्या बहुतेकांना बिननागरिक करून टाकलं. १९६४ मध्ये सिरिमाओ बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला, त्यानंतर लाखो लोक भारतात परत पाठवले गेले. जे राहिले त्यांच्यातल्या उरलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न पूर्ण सुटायला २००३ चा कायदा यावा लागला. आता ते स्वतःला मलैयह तमिळ म्हणवतात, म्हणजे डोंगरातले तमिळ. चहाच्या डब्यावर जो टोपलीवाल्या बाईचा हसरा फोटो असतो त्याच्यामागे हे आहे, आणि मला तरी हे माहीत नसताना घेतलेला चहा अर्धवट घेतल्यासारखा वाटतो.

पुढचं भरभर सांगतो. १९७२ मध्ये सिलोनचं श्रीलंका झालं, पण चहाने जुनं नाव सोडलं नाही कारण बाजारात ते चालत होतं. १९७५ पर्यंत मोठे मळे सरकारने ताब्यात घेतले, १९९२ पासून ते पुन्हा खासगी कंपन्यांकडे चालवायला गेले. आणि मधल्या काळात एक गोष्ट गुपचूप बदलली ती म्हणजे खालच्या, दक्षिणेकडच्या भागात छोट्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या एकर-दोन एकरांत चहा लावला. आज श्रीलंकेचा अर्ध्याहून जास्त चहा या सखल भागातून येतो, डोंगरातल्या त्या प्रसिद्ध हिरव्या उतारांवरून नाही. पोस्टकार्डवर मात्र अजून डोंगरच.

आधी उंची बघा

श्रीलंकेत चहाची पहिली विभागणी उंचीवर होते आणि ती तीनच खणांची आहे. ६०० मीटरपर्यंत लो ग्रोन, ६०० ते १२०० मिड ग्रोन, त्याच्यावर हाय ग्रोन. जितकं वर तितकी थंडी, पान सावकाश वाढतं, चहा फिका आणि सुगंधी. जितकं खाली तितकं पान पटापट आणि मोठं होतं, चहा काळा, दाट, थोडा गोडसर.

इथे एक गैरसमज फार पसरलाय की वरचा म्हणजे चांगला आणि खालचा म्हणजे हलका. असं अजिबात नाहीये. कोलंबोच्या लिलावात चांगल्या लो ग्रोन पत्तीला कित्येकदा डोंगरातल्या चहापेक्षा जास्त भाव मिळतो, कारण इराक, इराण, तुर्कस्तान, रशिया या सगळ्यांना तोच पाहिजे असतो. २०२१ च्या शेवटी तर श्रीलंकेने इराणकडून घेतलेल्या तेलाची २५ कोटी डॉलरची जुनी उधारी चहा देऊन फेडायचा करार केला. तेव्हा उंची बघायची ती दर्जा ठरवायला नाही, प्रकार ठरवायला.

दूध घालूनच पिणार असाल तर मिड किंवा लो ग्रोन, किंवा हाय ग्रोनमधला दिंबुला नाहीतर उवा, हे दोन्ही डोंगरातले भाग, पुढे येतातच. बिनदुधाचा, दुपारी निवांत प्यायचा असेल तर नुवारा एलिया. नुवारा एलियाच्या चहात दूध घालणं म्हणजे पैसे वाया, बाकी तुमची मर्जी.

मग महिना, ज्याकडे कोणीच बघत नाही

हा भाग नीट वाचा कारण खरी मजा इथेच आहे. श्रीलंकेच्या मधोमध डोंगर आहेत आणि बेटाला दोन मोसमी वारे लागतात. मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येकडून येणारे, आणि साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून येणारे. नैऋत्येचा वारा पश्चिम उतारावर म्हणजे दिंबुलाच्या बाजूला धो धो पाऊस टाकतो आणि डोंगर ओलांडून पलीकडे पूर्वेला उवामध्ये उतरतो तेव्हा त्याच्यात पाणीच उरलेलं नसतं. आपल्याकडे घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना पलीकडे देशावर नुसता कोरडा वारा असतो ना, तसंच, फक्त इथे सहा महिन्यांनी बाजू उलटते.

तर जुलै ते सप्टेंबर उवामध्ये हा कोरडा, जोरदार वारा रात्रंदिवस झाडांना झोडपतो. पान वाढायचं जवळजवळ थांबतं, झाड ताणाखाली येतं आणि त्या ताणात पानातली रसायनं बदलतात. त्यातलं एक मिथाइल सॅलिसिलेट, हे तेच जे सांधे दुखल्यावर चोळायच्या बामात असतं. म्हणून ऑगस्टच्या उवा चहाला एक गार, तिखटसर, पुदिन्याच्या बाजूला झुकणारा वास येतो जो जगात दुसऱ्या चहाला सहसा मिळत नाही. कारखानेवालेसुद्धा या दिवसांत पद्धत बदलतात, पत्ती जास्त सुकवतात आणि आंबवायचा वेळ कमी करतात म्हणजे तो वास टिकतो. पीक कमी येतं, भाव चढतो, आणि जपानी आणि युरोपीय गिऱ्हाईक याच चहासाठी थांबलेलं असतं.

आता सहा महिन्यांनी उलटं. ईशान्येचा पाऊस उवाच्या बाजूला पडतो आणि पश्चिमेला दिंबुलामध्ये जानेवारी ते मार्च कोरडी हवा, दिवसा ऊन, रात्री कडक थंडी. हा दिंबुलाचा हंगाम. नुवारा एलियाचाही चांगला माल साधारण याच दिवसांतला.

म्हणजे उवा लिहिलेलं पाकीट डिसेंबरात खुडलेलं असेल तर तो उवाचाच चहा आहे, खोटं काही नाही, पण ज्यासाठी उवाचं नाव आहे ते त्याच्यात नाही. चांगल्या दुकानदाराला किंवा ऑनलाइन विकणाऱ्याला सरळ विचारायचं, कुठल्या महिन्यातली पत्ती आहे? उत्तर आलं तर माणूस चहावाला आहे. "सर, एकदम फ्रेश आहे" असं आलं तर समजून जायचं. सखल भागात मात्र एवढा फरक पडत नाही, तिथे जवळजवळ वर्षभर सारखी पत्ती निघते.

भाग कुठला

चहा बोर्डाने सात भाग धरलेत आणि प्रत्येकाचा वेगळा लोगो केलाय. सगळ्यांवर सारखं लिहिण्यात अर्थ नाही कारण सगळे सारखे महत्त्वाचे नाहीत.

नुवारा एलिया सगळ्यात वर, सगळ्यात छोट्या भागांपैकी, सगळ्यात महाग. रंग फिका, फुलासारखा हलका वास, थोडी हिरवट तुरट चव. इथे एक मजा सांगतो, त्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे तिथल्या हॉटेलात प्यायलेला चहा आणि तोच घरी आणून खळखळ उकळत्या पाण्यात केलेला चहा यात फरक पडतो, घरचा जास्त तुरट लागतो. उपाय सोपा, पाणी उकळल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून मग पत्तीवर ओता.

दिंबुला म्हणजे हॅटन, तलवाकेले, बोगवंतलावा, मस्केलिया हा पट्टा. सिलोन चहा म्हटल्यावर जगाच्या डोळ्यासमोर जो चहा येतो, लालसर नारिंगी, तरतरीत, जास्त जड नाही, तो बहुतेक हा. पहिल्यांदाच घेणार असाल आणि काही कळत नसेल तर दिंबुला घ्या, दुधाचा करा की बिनदुधाचा, फसणार नाही. चहा संशोधन संस्थाही याच भागात तलवाकेलेला आहे, संस्था १९२५ मध्ये सुरू झालेली.

उवाबद्दल वर बोललोच. बदुल्ला, बंडारवेला, हपुतळे, एल्ला ही नावं दिसली की उवा समजायचं. हंगामातला असेल तर आधी कोरा पिऊन बघा, मग वाटलं तर दूध. हा त्या मोजक्या सुगंधी चहांपैकी आहे ज्यांचा वास दुधातसुद्धा मरत नाही.

उडा पुसेल्लावा हा नुवारा एलिया आणि उवाच्या मधला, चवही मधलीच. रंगाला किंचित गुलाबी झाक, दोन्ही मोसमांचा थोडाथोडा फायदा. वेगळा शोधत फिरावं असा नाही, पण मिळाला तर घ्या, बऱ्याचदा नुवारा एलियाच्या मानाने स्वस्त असतो.

कँडी म्हणजे सुरुवातीचा चहा, टेलरचा मुलूख. मधली उंची, तांबूस रंग, चांगला भरीव. ज्यांना कडक पाहिजे पण घशाला लागणारा नको त्यांच्यासाठी. कँडीतसुद्धा मळा कुठल्या उंचीवर आहे आणि वाऱ्याच्या आड आहे का उघड्यावर, यावर चव बरीच बदलते म्हणून मळ्याचं नाव असलेलं पाकीट घेतलेलं बरं.

रुहुना, म्हणजे दक्षिण. गाल, मातारा, देनियाया. याच्यावर माझं प्रेम आहे आणि आपल्याकडे याला कोणी विचारत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. इथली पत्ती प्रक्रियेत एकदम काळी होते, चहा गडद, पण कडवट नाही, मधासारखी हलकी गोडी राहते. अख्ख्या पानाचा ओपी वन किंवा गोळीसारखी वळलेली पेको घ्या, साखर कमी लागेल. इथेच त्या सोनेरी-चंदेरी कोंबांच्या जाती निघतात, एफबीओपीएफ एक्स्ट्रा स्पेशल असलं लांबलचक नाव असतं, काळ्या पत्तीत सोनेरी टोकं चमकत असतात. गालजवळ हंदुनुगोडा नावाचा मळा आहे तिथे तर कोंब हाताचा स्पर्श न होऊ देता कात्रीने कापतात आणि पांढरा चहा करतात, किंमत विचारू नका.

सबरगमुवा, रत्नपुरा आणि केगल्लेचा भाग, रुहुनाचा भाऊच. रत्नपुरा खरं तर रत्नांच्या खाणींसाठी प्रसिद्ध. चहाला थोडी कॅरॅमलसारखी झाक असते म्हणतात, मला रुहुना आणि हा समोरासमोर ठेवले तरच फरक कळतो.

अक्षरांचा घोळ

पाकिटावरची बीओपी, ओपी, बीओपीएफ ही अक्षरं दर्जा सांगत नाहीत. ती पत्तीचा आकार सांगतात, बस. कारखान्यात पत्ती सुकवून, मळून, आंबवून, भट्टीत वाळवल्यावर चाळण्यांतून काढतात, आणि कुठल्या चाळणीतून काय पडलं त्याप्रमाणे नाव. ओपी म्हणजे ऑरेंज पेको आणि बीओपी म्हणजे ब्रोकन ऑरेंज पेको, पण त्यातल्या ऑरेंजचा संत्र्याशी काही संबंध नाही, हेही एकदा सांगून टाकतो कारण विचारतात लोक.

ओपी म्हणजे लांब, तारेसारखी अख्खी पत्ती. पेको थोडी आखूड, वळलेली. बीओपी म्हणजे तुटलेली. बीओपीएफ त्याहून बारीक, आणि शेवटी डस्ट. पत्ती जेवढी बारीक तेवढी पटकन उतरते आणि कडक होते, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. मागे एफ आलं की शंका, पुढे एफ आलं की वेगळी शंका: मागचा एफ म्हणजे बारीक कण, पुढचा एफ म्हणजे पत्तीत कोंबांची टोकं आहेत. बीपी वन किंवा पीएफ वन दिसलं तर तो सीटीसी, आपल्या ओळखीचा दाणेदार चहा. श्रीलंकेत तो थोडाच होतो, बहुतेक सगळा जुन्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे पत्ती मळून वळवायच्या पद्धतीचा.

आणि डस्टला नाक मुरडू नका. चांगल्या मळ्याचा डस्ट वन हा वाईट मळ्याच्या ओपीपेक्षा शंभरपट बरा.

पाकीट हातात घेतल्यावर

पहिलं, सिंह. हातात तलवार घेतलेल्या सिंहाचा लोगो श्रीलंका टी बोर्डाचा आहे आणि तो फक्त शंभर टक्के सिलोन चहाला आणि श्रीलंकेतच पॅक केलेल्या मालाला मिळतो. लोगो नाही म्हणजे चहा खोटा असं नाही, कारण बाहेर नेऊन पॅक केलेल्या चांगल्या चहालाही तो मिळत नाही, पण नुसतं "सिलोन ब्लेंड" लिहिलेलं असेल आणि सिंह नसेल तर आत बाकी कुठकुठलं काय आहे याची खात्री नाही.

मग बघा भागाचं नाव आहे का, मळ्याचं नाव आहे का, पॅक केल्याची तारीख काय. भाग आणि ग्रेड दोन्ही लिहिलेलं असेल तर अर्धं काम झालं. फॉइल किंवा डबा बघा, नुसत्या प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीतला घेऊ नका, उजेडाने वास उडतो. वासाचे चहा, म्हणजे आंबा, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला वगैरे, हे भेट म्हणून ठीक आहेत पण त्यात कुठल्या भागाची पत्ती आहे हे कळायचा मार्ग नाही.

अजून एक. एप्रिल-मे २०२१ मध्ये श्रीलंका सरकारने रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली, नोव्हेंबरात ती मागे घेतली, पण तोपर्यंत मळ्यांचं व्हायचं ते नुकसान झालं. आधी वर्षाला ३० कोटी किलोच्या आसपास होणारं उत्पादन २०२२ मध्ये २५ कोटींवर आलं. त्यामुळे जुन्या गाइडमधले भाव आणि "अमुक मळा बेस्ट" असली वाक्यं बघून ऑर्डर देऊ नका, ताजी माहिती घ्या.

करायचा कसा

चमच्याने मोजायचं बंद करा, इथेच सगळे फसतात. बीओपीएफचा एक सपाट चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि ओपीची पत्ती मोठी, फुगीर, तिचा तोच चमचा दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. मग म्हणतात ओपी पाणचट असतो. छोटा वजनकाटा असेल तर २०० मिली पाण्याला दोन ते अडीच ग्रॅम घ्या.

पाणी ताजं, एकदाच उकळलेलं. पुन्हा पुन्हा उकळलेलं पाणी सपक लागतं. तुमच्याकडचं पाणी जड असेल, म्हणजे किटलीत पांढरा थर बसत असेल, तर चहा मळकट होतो आणि वर तवंग येतो, नुवारा एलियासारख्या नाजूक चहाची तर वाटच लागते, तेव्हा फिल्टरचं पाणी वापरा. भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या. पत्ती भांड्यात, वरून पाणी, झाकण.

वेळ पत्तीच्या आकाराप्रमाणे. डस्ट आणि बीओपीएफ दोन-अडीच मिनिटं, दूध घालणार असाल तर तीन-चार. बीओपी तीन. ओपी, पेको चार-पाच. चंदेरी कोंबांचा पांढरा चहा असेल तर पाणी ७५-८० अंशांपर्यंत निवू द्या आणि सहा-सात मिनिटं विसरून जा. वेळ झाली की गाळून टाका, पत्ती पाण्यात पडून राहू देऊ नका, रंग छान येतोय म्हणून ठेवली की नंतर कडू झाला म्हणून साखर वाढते.

आपल्यासारखा पातेल्यात दूध-पाणी-आलं घालून उकळायचाच असेल तर उकळा की, पण त्यासाठी सबरगमुवाचा किंवा कँडीचा बारीक ग्रेड घ्या. ऑगस्टचा उवा पातेल्यात उकळू नका, एवढी विनंती.

तिकडची माणसं स्वतः कसा पितात हेही करून बघण्यासारखं आहे. प्लेन टी म्हणजे कोरा चहा, कडक, आणि त्याच्यात गूळ विरघळवत नाहीत, कितुल माडाच्या गुळाचा, म्हणजे हकुरूचा, तुकडा दाताखाली धरायचा आणि वरून चहाचा घोट. आलं घालून केला तर इंगुरू ते. दुधाचा किरी ते, त्याला बहुतेक दूध पावडर नाहीतर कंडेन्स्ड मिल्क वापरतात, डस्टचा एकदम कडक अर्क कापडी गाळणीतून काढतात आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस आणतात. दूध पावडर ऐकून तोंड वाकडं करू नका, एकदा करून बघा: पावडर आणि साखर कपात थोड्या गरम चहात आधी घोटून घ्यायची म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग बाकीचा चहा ओतायचा.

फरक जिभेला कळावा म्हणून

तीन चहा समोरासमोर ठेवा, एक नुवारा एलिया, एक दिंबुला किंवा उवा, एक रुहुना, ग्रेड शक्यतो सारखा, म्हणजे तिन्ही बीओपी. चव घेणारे लोक जी प्रमाणित पद्धत वापरतात ती अशी की १०० मिली पाण्याला २ ग्रॅम आणि बरोबर ६ मिनिटं. हा प्यायचा चहा नाही, जरा जास्तच कडक होतो, पण त्यात गुण आणि दोष दोन्ही उघडे पडतात. पांढऱ्या कपात ओता म्हणजे रंग दिसेल. गाळलेली ओली पत्ती फेकू नका, ती झाकणावर काढा आणि तिचा वास घ्या, रंग बघा: तांब्यासारखी चकचकीत असेल तर चांगली, मळकट तपकिरी असेल तर कारखान्यात कुठेतरी गडबड झालीये किंवा माल जुना आहे. मग चमच्याने जोरात आवाज करत भुरका मारायचा, लाजायचं नाही, हवेबरोबर चहा टाळूला लागला की वास नाकात चढतो. तुरटपणा कुठे लागतोय, जिभेच्या कडेला की घशात, गोडी मागे राहते का, हे बघा. कोमट झाल्यावर परत एकदा चाखा, खराब चहा गार होताना उघडा पडतो.

गार करून प्यायचा असेल तर लक्षात ठेवा, कडक चहा फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो. खराब झालेला नसतो, कॅफिन आणि चहातली तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना चिकटतात म्हणून तसं दिसतं, थोडं उकळतं पाणी घातलं की परत साफ. गढूळ नको असेल तर पत्ती थंड पाण्यातच रात्रभर भिजत ठेवा.

तिकडे गेलात तर

कँडीहून नानू ओया, हपुतळे, एल्ला करत बदुल्लाला जाणारी रेल्वे आहे, त्या एका प्रवासात कँडी, दिंबुला आणि उवा तिन्ही भाग खिडकीतून दिसतात, डोंगर ओलांडल्यावर हवा बदलते तेही जाणवतं. कँडीजवळ हंतानाला जुन्या कारखान्यात चहाचं म्युझियम आहे. नुवारा एलियाजवळ पेड्रो आणि हपुतळेजवळ दंबतेन्ने इथे कारखाना बघायला मिळतो, सकाळी जा म्हणजे यंत्रं चालू असण्याची शक्यता जास्त. साधारण साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो हे आकडा म्हणून वाचणं वेगळं आणि सुकवायच्या लांब जाळीवर पसरलेली ती पानं बघणं वेगळं.

घ्यायचा कुठे, तर जिथे मळा तिथलाच. मोठ्या टुरिस्ट दुकानांतल्या सजवलेल्या लाकडी पेट्या टाळा, पेटीचेच पैसे जास्त आणि आत प्रत्येक भागाची चिमूटभर पत्ती. त्यापेक्षा कारखान्याच्या दुकानातलं साधं फॉइलचं पाकीट, आणि तिथल्या माणसाला विचारायचं की तुम्ही घरी कुठला पिता. बहुतेक वेळा तो स्वस्त बीओपीएफ किंवा डस्टकडे बोट दाखवतो, तो घ्याच.

घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या, उजेड न जाणाऱ्या डब्यात, मसाल्याच्या कपाटापासून लांब. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. बारीक पत्ती उघडल्यावर तीन-चार महिन्यांत संपवा, ओपी वर्षभर तग धरते. आणि हंगामी उवा आणला असेल तर पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका, त्याचा तो गार वासच सगळ्यात आधी उडतो.